बिननावाच्या टेकड्या

टेकडीचं नाव विचारलं की गावात पहिलं उत्तर ठरलेलं असतं.

"कोनती टेकडी?"

"ती काय, समोरची."

माणूस मान वळवून बघतो. जन्मापासून रोज बघितलेली टेकडी तो जणू पहिल्यांदाच बघत असतो. मग म्हणतो, "ती व्हय? ती टेकडीच हाय की."

नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं मी हे उत्तर ऐकण्यात घालवली. एका सरकारी नकाशा कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागले. माहेर लातूरचं, सासर नांदेडचं, आणि कामाचं टेबल खिडकीपाशी. वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या रेषा मी शाईने गिरवल्या. पुढे कॉम्प्युटर आले, शाई वाळली, आणि आमच्यासारख्या ट्रेसर बायकांचं काय करायचं हा साहेबांना प्रश्न पडला. त्याच सुमारास मोठ्या मापाचे नवे नकाशे निघणार होते. जुन्या नकाशांवर लहान टेकड्यांच्या डोक्यावर फक्त उंचीचा आकडा असायचा, नावाला जागाच नव्हती. आता जागा झाली होती. मोजणी वरून, आकाशातून होत होती, पण आकाशातून नाव दिसत नाही. ते गावात जाऊन विचारावंच लागतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलक्या आहात, तुम्ही जा."

अशी मी पन्नाशीत टेकड्या हिंडायला लागले. सोबत जीपचे ड्रायव्हर रज्जाकभाई. त्यांच्या निवृत्तीला माझ्यापेक्षा एक वर्ष कमी उरलं होतं, आणि चढण दिसली की त्यांचे गुडघे बोलायला लागायचे.

काम सांगायला सोपं. टेकडी गाठायची, आजूबाजूच्या गावांत विचारायचं, लोक जे नाव घेतात तेच फॉर्मवर लिहायचं. आपल्याला आवडलेलं लिहायचं नाही, आणि सरपंचाला आवडलेलं तर नाहीच. खाली गावातल्या तीन माणसांच्या सह्या. तीन सह्या नसल्या तर टेकडी बिननावाची राहणार, आकड्यावर भागवणार. शेजारच्या रकान्यात तेच नाव इंग्रजीत. इथे आमचं घोडं अडायचं, कारण इंग्रजीत ळ नाही. म्हसोबाचा माळ तिकडे गेला की म्हसोबाचा माल होतो. यावर कचेरीत दोन दिवस वाद झाला आणि शेवटी मालच छापला गेला.

देगलूरच्या बाजूला तर प्रत्येक टेकडी दोन-तीन भाषा बोलते. तिथे एक लालसर मुरमाची टेकडी आहे, तीन गावांच्या मधोमध. पहिल्या गावात नाव मिळालं तांबडी टेकडी. दुसऱ्या गावात बहुतेक घरांत तेलुगू, ते म्हणाले, एर्रागुट्टा. तिसऱ्या गावात कानडी बोलणारी बरीच घरं. तिथले एक म्हातारे ठासून म्हणाले, "केंपगुड्डा. बाकीचे सब झूट." तिन्ही गावांची माणसं एकदा टेकडीच्या पायथ्याशी बोलावली. अर्धा तास कोणी कोणाचं ऐकेना. रज्जाकभाई जीपच्या सावलीत बसून ऐकत होते. त्यांना तिन्ही भाषा थोड्या थोड्या येतात. मधेच उठून ते म्हणाले, "अरे बावा, ये भी लाल टेकडी बोलरा, वो भी लाल टेकडी बोलरा, तुम बी वहीच बोलरे. झगडा कायका?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत कुणी शेजाऱ्याला त्याच्या नावाचा अर्थच विचारला नव्हता. ते कानडी आजोबा हसले आणि म्हणाले, "मंग लिवा तुमचंच, रंग तर आमचाच ठिवला की." मी तिन्ही नावं लिहिली. छापताना एकच राहिलं, पण नोंदवहीत तिन्ही आहेत. मी स्वतः बघून आले.

हसण्यावारी जाणारे प्रसंग पुष्कळ होते. एक मात्र हसण्यावारी गेला नाही.

हिमायतनगरकडे एका टेकडीचं नाव मला मिळालं होतं, चिंचाळ्याची टेंबी. आमच्याकडे लहान, टोकदार टेकडीला टेंबी म्हणतात. दोन सह्या झाल्या होत्या. तिसरा माणूस शेतात गेला होता. ऊन उतरत होतं, परतीचा रस्ता खराब होता, आणि मला घरी पाहुणे येणार होते. मी फॉर्मवर तिरकी रेघ मारली आणि टेंबी बिननावाची सोडली.

वर्ष-दीड वर्षाने त्याच भागात गेले तेव्हा चहाच्या टपरीवर एक गुराखी लंगडत माझ्याकडे आला. मारोती त्याचं नाव. त्याने मला ओळखलं. "मॅडम, तुमीच नावं लिहून राहिल्या होत्या न्हवं?" मग त्याने हसत हसतच सांगितलं. त्या टेंबीवरून तो घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याच्या बायकोने मोबाईलवरून गाडी बोलावली, चिंचाळ्याची टेंबी म्हणून सांगितलं. गाडीवाला बाहेरगावचा. त्याने मोबाईलच्या नकाशात नाव शोधलं तर तिथे नुसत्या टेकड्याच टेकड्या, नाव एकीलाही नाही. गाडी चिंचाळा नावाच्या गावात गेली, तिथून फिरून येईपर्यंत तीन तास गेले. "तुमी लिवलं नव्हतं का हो?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती. मी नाही म्हणाले. घरी पाहुणे येणार होते हे सांगायची मला लाज वाटली. आमचे कागद त्या मोबाईलपर्यंत कधी पोचले असते, हे मला माहीत नाही. पण त्याच दिवशी मी तिसरी सही घेतली, आणि त्यानंतर एकाही फॉर्मवर तिरकी रेघ मारली नाही.

आता ज्या टेकडीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते. देगलूर तालुक्यातलंच गाव, नाव लिहीत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. गावाच्या पश्चिमेला मुरमाड, उघडी टेकडी, माथ्यावर एका पडक्या झोपडीच्या दगडी भिंती. पंचायतीच्या कट्ट्यावर सात-आठ माणसं बसली होती, सरपंच त्यांच्यातच. मी नाव विचारलं आणि सगळे एकदम म्हणाले, "येडीचा माळ." म्हणाले आणि हसले.

"येडी म्हणजे?"

"व्हती एक. केस सोडून बसायची वर. कवाच गेली गाव सोडून. आसंल नाहीतर नसंल."

पाच मिनिटांत तीन सह्या झाल्या. इतकं सोपं काम क्वचित मिळायचं. मी फॉर्म पूर्ण करून दुसऱ्या दिवशी कचेरीत दिला.

आठवड्याने माझ्या मोबाईलवर फोन आला. बाईचा आवाज, शिकलेला, जपून बोलणारा. "मॅडम, आमच्या मामांच्या गावच्या टेकडीचं नाव तुम्ही लिहून घेतलंय. येडीचा माळ. ती येडी माझी आई आहे. आणि ती जिवंत आहे."

मी पत्ता घेतला आणि त्याच आठवड्यात देगलूरला गेले.

फोन करणाऱ्या सुनंदाबाई एका शाळेत क्लार्क होत्या. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. आत भिंतीला टेकून त्यांची आई काशाबाई सुपात तूर निवडत बसली होती. ऐंशीच्या आसपासची, बारीक, नजर अजून चांगली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत तुरीत बोटं घातली.

सुनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मुलीचं मुखेडला जमत आलंय. त्यांच्या नात्यातली माणसं त्या गावात आहेत. आजपर्यंत ते तोंडी होतं, विसरलं गेलं असतं. तुम्ही छापलं की कायमचं झालं. मी शाळेत येडीची पोर म्हणून वाढले. माझ्या मुलीला तरी नको. तुम्ही ती जागा कोरी ठेवा."

कोरी ठेवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मारोतीची लंगडी चाल आली. मी म्हटलं, कोरी ठेवता येणार नाही, पण दुसरा काही मार्ग बघू.

"आई आजारी होती त्या वेळी," त्या म्हणाल्या. "मनाचा त्रास होता. येडी नव्हती ती."

"कोन म्हनलं न्हवती?" सुपामागून आवाज आला.

काशाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

"उदगीरकडं दिल्ती मला. दारात उभं राहायची चोरी. मारायचे, कोंडायचे. ही तीन वरसाची व्हती तवा निघून आले. भाव म्हनले, चार दिस ऱ्हा आन् परत जा. मी पाच शेळ्या घेतल्या न् वर बरडीवर, त्या मुरमाड टेकडीवर, गेले. तिथं कोनाची जिमीन न्हाई, कोनाचं काय देनं न्हाई. सासरचे न्यायला आले. एकदा आले, दुसऱ्यांदा आले. दुसऱ्यांदा मला वढीत पार वड्यापतूर नेलं, तिथून पळाले. तिसऱ्यांदा यायले दिसले तवा मी केस सोडले. चुलीतली राख थोबाडाला फासली. लेंड्या फेकल्या, धोंडे फेकले, मोठ्यानं गानं म्हनलं. नवरा म्हनला, ही तर येडी झाली. म्या म्हनलं, हाव, झाले. येडीला कोन नेतंय घरला?"

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते.

"मंग गावातले बी भ्यायले. कोन वाकड्या नजरेनं वर येईना. मदी मदी केस सोडावे लागायचे, लोकांनी विसरू नये म्हनून. तेरा वरसं काढली तिथं. ही धाव्वी पास झाली, मंग उतरले."

सुनंदाबाई आईकडे बघत राहिल्या होत्या. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या जवळ असेल. त्या म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस? मला वाटायचं तू... मी तुला शाळेत येऊ द्यायची नाही."

"तुला सांगितलं आस्तं तर तू शाळंत सांगितलं आस्तं. लेकराच्या पोटात ऱ्हातंय का? मंग ते परत आले आस्ते."

"आणि नंतर? मी मोठी झाल्यावर?"

काशाबाईने सांडलेले दोन दाणे वेचून सुपात टाकले. मग म्हणाली, "मंग लई उशीर झाल्ता. काय सांगायचं म्हनून ऱ्हायलं."

सुनंदाबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. मला निघून जावंसं वाटत होतं आणि जाताही येत नव्हतं. काशाबाईनेच विषय काढला. "बाई, तुमी नाव कोनाला इचारलं?"

"पंचायतीच्या कट्ट्यावर."

"तिथं बायका व्हत्या का?"

नव्हत्या. इतक्या वर्षांत मी बहुतेक गावांत कट्ट्यावरच विचारत आले होते, कारण सह्या तिथे पटकन मिळतात. स्वतः बाई असून माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं.

"त्यांला इचारा," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रज्जाकभाई थेट टेकडीच्या उतारावर गेलो. चार-पाच बाया गवत कापत होत्या, दोघी शेळ्या वळत होत्या. मी नाव विचारलं. एक तरणी सून ताठ होऊन म्हणाली, "काशाबाईची बरडी."

"येडीचा माळ म्हणतात ना?"

"ते गडीमानसं म्हनत्यात."

मग एक एक करून कळत गेलं. काशाबाई वर राहायची तेव्हा गवताला, जळणाला जाणाऱ्या बायांना तिथे पाणी मिळायचं. तान्ही लेकरं तिच्यापाशी ठेवून बाया रानात जायच्या. घरात मारझोड झाली तर बाई दोन दिवस वर जाऊन राहायची. येडीच्या झोपडीत घुसून बायकोला ओढून आणायची कुठल्याच नवऱ्याची छाती नव्हती. काशाबाई गाव सोडून गेली तरी बोलण्यात बरडी राहिली. त्या सुनेने काशाबाईला कधी पाहिलेलंही नव्हतं. "आमच्यात आजूनबी आसंच म्हनत्यात," ती सांगत होती. "नवरा लईच बोलून राहिला तर म्हनायचं, मी चालले बघा बरडीला. गप बसतो."

रज्जाकभाई मागे उभे होते. ते पुटपुटले, "हमारे घरमें मालूम नै होना ये."

मी तिथेच नवा फॉर्म काढला. दोन सह्या आणि एक अंगठा.

कचेरीत साहेबांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि म्हणाले, "एका टेकडीला दोन नावं, दोन्हीला तीन-तीन सह्या. गावाची बैठक घ्या आणि एकच आणा." साहेबांचं चूक नव्हतं, नियम तसाच होता.

बैठक पंचायतीसमोरच्या चिंचेखाली झाली. मी निरोप दिला होता की बायाही पाहिजेत, आणि आल्याही, पण पदर सावरून मागे उभ्या राहिल्या. सरपंच चाळिशीचे, बोलायला गोड, पण त्या दिवशी तापलेले होते. "मॅडम, आमच्या बापजाद्यापासून येडीचा माळ हाय. आता बायकांच्या बोलन्यावर नकाशे निघनार का?"

पुरुष हसले. बायांपैकी कोणी बोलेना. उतारावर ताठ बोललेली ती सूनही खाली बघत होती. मला वाटलं, गेलं. सह्या मोजल्या असत्या तर येडीचा माळच जिंकला असता, आणि मी तो लिहून दिला असता. तेच माझं काम होतं.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. सरपंचांची आई. मुलासमोर उभी राहून ती म्हणाली, "बापजाद्याचं सांगू नको. तू सा महिन्याचा व्हतास तवा तुह्या बापानं मला घराभाईर काढलं. तुला घिऊन चार दिस मी काशीपाशी व्हते. तिच्या शेळीचं दूध पिलास तू. ती येडी न्हवती. येडी आस्ती तर तू जगला नस्तास."

कोणी हसलं नाही. सरपंच आईकडे बघत उभे राहिले. हे त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि भर सभेत त्यांच्याबद्दल असं कोणी बोललं नसेल. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे हात केला. "आना इकडं." त्यांनी बरडीच्या फॉर्मवर सही केली आणि कोणाशी न बोलता आईला धरून घरी नेलं. नंतर मागच्या बायाही पुढे आल्या. फॉर्मवर तीनच रकाने होते, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूवर सह्या आणि अंगठे घेतले. साहेब नंतर म्हणाले, एवढ्या कशाला? मी म्हटलं, द्यायच्या होत्या त्यांना.

लग्नाचं राहिलं. काशाबाईने हट्टच धरला की मुखेडच्या मंडळींना सगळं आपणच सांगणार. ती मंडळी आली, ऐकलं, चहा घेऊन गेली. आठ दिवस निरोप नाही. त्या आठ दिवसांत सुनंदाबाईंनी मला चार वेळा फोन केला. दोष देत नव्हत्या, पण दरवेळी फोन ठेवल्यावर मला जेवण गोड लागायचं नाही. मी सुनंदाबाईंचं ऐकून ती जागा कोरी ठेवली असती तर निदान त्या मुलीचं तरी सुरळीत झालं असतं, असं वाटायचं. नवव्या दिवशी मुलाच्या आजीचा निरोप आला. सोयरीक पक्की, पण आधी बरडी बघायची आहे. गुडघे दुखत असूनही ती बाई खरोखर अर्ध्यापर्यंत चढली, असं मला सुनंदाबाईंनी सांगितलं. ही मी पाहिलेली गोष्ट नाही, पण मला ती खरी वाटते.

नकाशा छापून आला तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. ळ नसल्याने बरडी या नावाचं इंग्रजीत काही बिघडलं नाही, एवढं समाधान. एक प्रत मी स्वतः विकत घेतली आणि देगलूरला गेले. काशाबाई आता कमी उठायची. सुनंदाबाईंनी कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. म्हातारीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "कुठं हाय?"

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. अक्षरं एवढी बारीक की बोटाखाली सगळं नाव झाकलं गेलं.

"एवढीच?"

"एवढीच."

ती बोट उचलून बघायची, परत ठेवायची. सुनंदाबाई शेजारी बसल्या होत्या, आईच्या पाठीवर हात ठेवून. मग काशाबाईने बोट सरकवत सरकवत डावीकडे नेलं, कागदाच्या कडेपर्यंत.

"आन् ते गाव? उदगीरकडचं? महं सासर?"

मी नीट बघितलं. ते गाव पलीकडच्या कागदावर येत होतं. "ह्या नकाशात नाही, आजी. हा इथेच संपतो."

तिने कागदाच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, खात्री करून घेतल्यासारखं.

"न्हाई नं?" ती म्हणाली. "मंग ह्यो कागद भितीला लाव गं सुनंदा, मला निजल्या जागेवरून दिसंल आसा."